मिटलफ्र्यू हॉप: कोकणातल्या उकाड्यात जपायचा कसा, वापरायचा कसा

हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलाची बोंडं. ती वाळवून, दाबून केलेल्या गोळ्यांचं पाकीट उघडलं की आधी दोन-तीन गोळ्या तळहातावर घ्याव्या आणि दुसऱ्या तळव्याने जोरात चोळाव्या. गोळी फुटते, तिची भुकटी होते, तळवा किंचित चिकट होतो आणि हाताच्या उबेने वास वर येतो. हालरटाउअर मिटलफ्र्यू चांगला असेल तर हा वास अंगावर धावून येत नाही. वाळलेलं गवत, पुस्तकात ठेवलेली बकुळीची फुलं, थोडं लाकूड आणि मागे नुकत्या फोडलेल्या काळ्या मिरीची बारीक झाक, असा तो असतो. भुकटीचा रंग हिरवट-पिवळा हवा. ती तपकिरी दिसली आणि वास खवट खोबऱ्याकडे किंवा शिळ्या चीजकडे झुकला, तर ते पाकीट वर्टमध्ये, म्हणजे बिअर ज्यापासून आंबवतात त्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड काढ्यात, जाऊ देऊ नये. उकळून तो वास जाईल ही आशा फोल आहे.

मिरीची झाक येते त्यामागे कारण आहे. हॉपच्या तेलात कॅरिओफिलिन नावाचं वासाचं द्रव्य असतं आणि तेच आपल्या मिरीतही भरपूर असतं. मिटलफ्र्यूच्या तेलात साधारण १० ते १५ टक्के कॅरिओफिलिन, ४५ ते ५५ टक्के ह्युम्युलिन आणि २० ते २८ टक्के मिरसिन असतं. अमेरिकी हॉपमध्ये बहुधा मिरसिन वरचढ असतं, म्हणून त्यांचा वास संत्र्याच्या सालीसारखा भडक येतो. इथे ह्युम्युलिन वरचढ आहे. एकूण तेलही कमीच, १०० ग्रॅम हॉपमागे ०.७ ते १.३ मिलिलिटर. पुढे जे काही सांगायचं आहे ते या दोन गोष्टींवर उभं आहे: तेल थोडं, आणि त्यात ह्युम्युलिन जास्त.

आधी नावाचा घोळ निस्तरू. हालरटाउ हा बव्हेरियातला, म्युनिकच्या उत्तरेचा पट्टा. सलग हॉप लागवडीचा जगातला सर्वांत मोठा प्रदेश तोच. मिटलफ्र्यू म्हणजे ‘मध्यम लवकर’ तयार होणारा. ही तिथली मूळची, शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या निवडत आणलेली जात आहे. पाकिटावर नुसतं ‘हालरटाउ’ लिहिलेलं असतं तेव्हा फसगत होते, कारण त्या प्रदेशात पिकणाऱ्या कितीतरी जातींच्या नावामागे तो शब्द लागतो. हालरटाउअर मॅग्नम हा कडवटपणासाठीचा हॉप, त्यात अल्फा आम्ल, म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल, ११ ते १६ टक्के. मिटलफ्र्यूत ते ३ ते ५.५ टक्के. मिटलफ्र्यूच्या जागी मॅग्नम तितक्याच वजनाने पडला तर बिअर तिपटीने कडू होते. हालरटाउ ब्लाँक हा पांढऱ्या वाइनसारख्या वासाचा नवा हॉप आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. हालरटाउअर ट्रॅडिशन जवळचा आहे, रोगाला दणकट आहे आणि पर्याय म्हणून चालतो, पण तो मिटलफ्र्यू नव्हे. देवगडचा हापूस मागितल्यावर ‘हापूसच आहे’ म्हणून दुसरीकडचा आंबा पेटीत भरावा, तसाच हा प्रकार. आपल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तशीच हालरटाउच्या हॉपलाही युरोपीय संघाची नोंद आहे. म्हणून पाकिटावर जात, प्रदेश, पिकाचं वर्ष आणि अल्फाची टक्केवारी या चारही गोष्टी वाचाव्या. चारांतली एक जरी नसेल तरी विकत घेऊ नये.

मिटलफ्र्यू महाग का आणि कमी का, हे समजून घेण्यासारखं आहे. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या हॉपवर केवडा रोगाने घाला घातला. हा रोगजंतू म्हणजे पोफळीच्या कोळे रोगाचाच दूरचा भाऊबंद, तोही ओलाव्यात पसरणारा. त्या संकटातूनच १९२६ साली हालरटाउतल्या ह्यूल इथे हॉप संशोधन केंद्र उभं राहिलं. त्यानंतर जमिनीतून येणारा व्हर्टिसिलियम मर रोग आला. फवारणीने तो आटोक्यात येत नाही आणि मिटलफ्र्यू त्याला फार लवकर बळी पडतो. १९७० च्या दशकापर्यंत शेतकऱ्यांनी बागा मोडून तिथे हर्सब्रुकर लावला, पुढे ह्यूलमधून आलेल्या पेर्लसारख्या नव्या जाती लावल्या. जात टिकून राहिली, पण सगळ्यांच्या आवाक्यात राहिली नाही.

कोकणात हॉप लावता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. मिरीचा वेल पोफळीवर चढतो, मग हा का नाही? मिरीला मुळं फुटतात आणि ती खोडाला धरतात. हॉप दोरीभोवती पिळा घालत सुमारे ७ मीटर उंच तारेपर्यंत चढतो. पण अडचण चढण्यात नाही. हॉपला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते आणि वाढीच्या काळात लांब दिवस लागतात. हालरटाउत जूनमध्ये दिवस १६ तासांचा असतो, रत्नागिरीत तो १३ तासांच्या जेमतेम वर. वेल वाढेलही, पण दिवस लहान म्हणून तो लवकरच फुलावर येतो, उंची धरत नाही आणि बोंडं मोजकीच लागतात. भारतात हॉप पिकतो तो लाहौलच्या खोऱ्यात. आपण तो विकत घ्यावा आणि नीट जपावा.

आता मुद्द्याचं. हल्ली सगळीकडे शिकवतात की वास हवा असेल तर हॉप शेवटी टाका, गॅस बंद केल्यावर टाका, नाहीतर आंबवून झालेल्या बिअरमध्ये कोरडा टाका. मिटलफ्र्यूच्या बाबतीत हा सल्ला निम्मा चुकीचा आहे. ह्युम्युलिन पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, आणि उकळीत ते वाफेबरोबर उडून जातं. बिअरमध्ये उतरतात ती त्याची ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेली संयुगं, आणि ती साठवणीत आणि उकळीत तयार होतात. जर्मन लागरचा, म्हणजे थंडीत आंबवलेल्या बिअरचा, तो ओळखीचा मसालेदार, सभ्य वास बराचसा त्यांच्यातून येतो. म्हणून या हॉपला थोडी तरी उकळी द्यावीच लागते. कोरडा टाकला तर ओल्या गवताचा वास येतो, चहा जास्त वेळ ठेवल्यासारखा तुरटपणा येतो आणि महागाचा हॉप वाया जातो. टाकायचाच असेल तर लिटरला १ ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि दोन-तीन दिवसांत बिअर त्यावरून काढून घ्यावी. माझं मत विचाराल तर तेवढा हॉप उकळीत वाढवावा.

पुढे आकडे देण्याआधी एक सांगणं गरजेचं आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, घरच्यापुरतीसुद्धा नाही. गोव्यातही मद्यनिर्मितीला अबकारी परवाना लागतो. म्हणून हे माप परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीतल्या २० लिटरच्या चाचणी घाण्याचं समजावं.

साधी पिल्सनर घेऊ. पिल्सनर माल्ट ४.४ किलो, ॲसिड माल्ट १०० ग्रॅम. पाणी एकूण ३० लिटर: १६ लिटर मॅशला, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवायला, १४ लिटर ते धुवायला. मॅश ६३ अंश सेल्सिअसला ४० मिनिटं, मग ७२ अंशाला ३० मिनिटं, मग ७६ अंशापर्यंत नेऊन गाळायला घ्यायचा. धुवायचं पाणीही ७६ अंशाच्या वर नको, नाहीतर सालीतला तुरटपणा उतरतो आणि या हॉपमागे तो लपत नाही. सुरुवातीची घनता १.०४८ च्या आसपास येते.

उकळ ९० मिनिटं, झाकण न ठेवता. पिल्सनर माल्टमधून डायमिथाइल सल्फाइड तयार होतं. ते वाफेबरोबर गेलं नाही तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. झाकणावरचं पाणी परत आत ठिबकलं तरी तेच होतं. पातेलं ४० लिटरचं घ्यावं, कारण हॉपच्या गोळ्या पडताच फेस दुधासारखा उतू येतो. पहिला वाटा टाकताना गॅस बारीक करावा आणि हॉप चिमटीचिमटीने सोडावा.

अल्फा ४ टक्के धरून हॉपचे वाटे असे: उकळीची ६० मिनिटं राहिली असताना ४५ ग्रॅम, २० मिनिटं राहिली असताना २५ ग्रॅम आणि ५ मिनिटं राहिली असताना २० ग्रॅम. टिनसेथच्या सूत्राने पहिल्या वाट्याचे सुमारे २१, दुसऱ्याचे ७ आणि तिसऱ्याचे २, असे एकूण ३० च्या जवळपास कडवटपणाचे एकक होतात. मधला २५ ग्रॅमचा वाटा बरेच जण गाळतात. पण वासाचं काम मुख्यतः तोच करतो, म्हणून तो सोडू नये. पहिल्या वाट्यातले १५ ग्रॅम हवे तर गाळलेला वर्ट पातेल्यात पडू लागतानाच घालावे. जर्मनीत ही जुनी रीत आहे आणि तिने कडवटपणा गोल वाटतो.

अल्फा दर वर्षी बदलतो. उन्हाळा कडक आणि कोरडा गेला की मिटलफ्र्यूचा अल्फा घसरतो. ४ टक्क्यांच्या ५० ग्रॅममध्ये २ ग्रॅम अल्फा आम्ल येतं. तेवढंच हवं असेल तर ३ टक्क्यांचा हॉप ६७ ग्रॅम लागेल आणि ५ टक्क्यांचा ४० ग्रॅम पुरेल. हा हिशेब फक्त ६० मिनिटांच्या वाट्याला लावावा. उशिराचे वाटे वजनाने तेच ठेवावे, कारण तिथे आपण तेल मोजतो, अल्फा नाही.

कमी अल्फामुळे हॉप जास्त पडतो आणि तळाशी साकाही जास्त बसतो. ९० ग्रॅम गोळ्या फुगून अर्धा ते एक लिटर वर्ट पिऊन टाकतात. म्हणून पातेल्यात एक लिटर जास्तीचा धरावा. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून टाकलं तर साका आवरतो, पण आत वर्ट नीट खेळत नाही आणि कडवटपणा थोडा कमी उतरतो. त्यापेक्षा गोळ्या मोकळ्या टाकून शेवटी डावाने गोल ढवळून भोवरा करावा आणि दहा मिनिटं थांबावं. साका मधोमध ढिगाने बसतो.

पाण्याच्या बाबतीत कोकण भाग्यवान आहे. जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी बहुधा हलकं असतं, क्षार कमी. पिल्सनर ज्या गावात जन्मली त्या पिल्झेनचं पाणीही तसंच हलकं. म्युनिककडच्या जड पाण्यापेक्षा ते या हॉपला जास्त मानवतं, कारण जड पाण्यात मॅशचा पीएच चढा राहतो आणि कडवटपणा जिभेवर ओरखडे काढतो. पण कॅल्शियम फारच कमी असलं तर यीस्ट नीट खाली बसत नाही. ३० लिटरला ४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि १ ग्रॅम जिप्सम घातलं की कॅल्शियम लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. जिप्सम याहून वाढवू नये. सल्फेटने कडवटपणा टोकदार होतो आणि मिटलफ्र्यूची मऊ बाजू मारली जाते. मॅशचा पीएच ५.३ ते ५.४ हवा. ॲसिड माल्ट त्यासाठीच आहे.

मात्र खाडीकाठच्या आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. जानेवारीत ज्या पाण्याची बिअर सुरेख झाली त्याच पाण्याची मेमध्ये खारट, जडशी लागते. दर घाण्याआधी पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवावा. आकडा नेहमीच्या दुपटीवर गेला तर ते पाणी सोडून द्यावं किंवा आरओच्या पाण्यात निम्मंनिम्म मिसळावं.

खरी परीक्षा थंड करताना होते. वर्टमध्ये तांब्याची गुंडाळी सोडून नळाचं पाणी फिरवलं तरी उन्हाळ्यात ते पाणीच २८ ते ३० अंशांचं. वर्ट ३५ पर्यंत उतरतो आणि तिथेच अडतो. शिवाय १०० पासून ८० पर्यंत उतरायलाच वेळ लागला तर ५ मिनिटांचा म्हणून टाकलेला वाटा १५-२० मिनिटांचं काम करतो: कडवटपणा चढतो, वास उतरतो आणि मक्याचा वास पुन्हा तयार होत राहतो. उपाय दोन टप्प्यांचा. आधी नळाच्या पाण्याने ३८ अंशांपर्यंत आणायचं. मग बादलीत बर्फ आणि पाणी घेऊन छोट्या पंपाने तेच पाणी गुंडाळीतून फिरवत ठेवायचं. २० लिटर वर्ट ३८ वरून १० वर आणायला कागदावर ६ किलोच्या वर बर्फ लागतो. उघड्यावरची गळती धरून १० किलो हाताशी असावा. बंदरावर मासळीच्या होड्यांसाठी मिळणारी बर्फाची लादी यासाठी उत्तम, फोडून घ्यावी. ती फक्त बादलीत राहिली पाहिजे. त्या बर्फाचा एक थेंबही वर्टमध्ये जाता कामा नये, ३८ अंशांचा वर्ट जंतूंना पायघड्या घालून बसलेला असतो.

यीस्ट ९ ते १० अंशांना घालावं. ३४/७० हे कोरडं लागर यीस्ट असेल तर २० लिटरला ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं. एकात भागवायला गेलं तर सुरुवात रेंगाळते आणि गंधकाचा वास जास्त येतो. थोडा गंधक येतोच आणि तो निघून जातो, त्याने घाबरू नये. फ्रीजचा तापमान नियंत्रक हवेचं तापमान मोजत असेल तर फसगत होते. आंबताना आतली बिअर बाहेरच्या हवेपेक्षा ३-४ अंश गरम असते. प्रोब भांड्याच्या अंगाला चिकटवून वरून थर्माकोलचा तुकडा बांधावा. १० ते ११ अंशांना आठवडाभर ठेवून, साखर तीन चतुर्थांश संपली की १५ अंशांपर्यंत चढू द्यावं, दोन-तीन दिवस. लोण्यासारखा वास देणारं डायएसिटिल यीस्ट त्या वेळात खाऊन टाकतं. खात्री करायची तर पेलाभर बिअर झाकून ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवावी, गार करून हुंगावी. लोणी आलं तर आणखी दोन दिवस द्यावे. नाही आलं तर हळूहळू १-२ अंशांवर आणून तीन ते चार आठवडे ठेवावी.

या उतरंडीत एक चूक सगळीकडे होते. भांडं गार होतं, आतला वायू आक्रसतो आणि एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडावरच्या बुचातून, दमट हवा आत खेचली जाते. ऑक्सिजन आत शिरला की मिटलफ्र्यूचा वास पहिला मरतो आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची चव उरते. गार करण्याआधी एअरलॉक काढून तिथे कार्बन डायऑक्साइड भरलेला फुगा किंवा नळी लावावी. फ्रीजच्या आत भिंतींना पाणी सुटतं, रबरी पट्टीवर बुरशी धरते. आठवड्याला स्पिरिटने पुसणं आणि आत कॅल्शियम क्लोराइडचा ओलावा शोषणारा डबा ठेवणं एवढ्याने भागतं.

आता हॉपच्या साठवणीचं, कारण इथल्या हवेत बरेच घाणे त्यातच बिघडतात. मिटलफ्र्यू टिकाऊ नाही. साध्या खोलीच्या तापमानाला, २० अंशांना, सहा महिन्यांत त्याचं अल्फा आम्ल निम्म्याच्या जवळपास येतं. आपली खोली ३२ अंशांची. पिकाचं वर्ष २०२४ म्हणजे तो ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये तोडलेला, म्हणजे पुढच्या मेमध्ये आठ-नऊ महिन्यांचा. त्यातले दोन महिने तो कुणाच्या गोदामात पत्र्याखाली पडला असेल तर पाकिटावरचा आकडा निरर्थक आहे. घेताना शीतसाखळीतून आला का, हे विचारावं. हवा काढलेलं, चंदेरी आवरणाचं पाकीट हवं. पाकीट विटेसारखं कडक लागलं पाहिजे. ते फुगलेलं किंवा सैल असेल तर आत हवा गेली.

साठवण उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये. आणि फ्रीझरमधलं पाकीट बाहेर काढून लगेच उघडायचं नाही. जूनच्या हवेत थंडगार गोळ्यांवर क्षणात दव धरतं, गोळ्या सादळतात आणि उरलेला हॉप पुन्हा बंद केला की आत ओलाव्यासकट बंद होतो. बंद पाकीट तासभर बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, मगच कात्री लावावी. मोठं पाकीट असेल तर पहिल्यांदा उघडतानाच ९०-१०० ग्रॅमच्या पुड्या करून हवा काढून सील कराव्या, प्रत्येकीवर वर्ष आणि अल्फा लिहावा. एक घाणा, एक पुडी.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हाची तयारी आगोटीच्या बेगमीबरोबरच करावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. फ्रीझरमधली रिकामी जागा पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांनी भरून टाकावी आणि हॉपच्या पुड्या त्यांच्या मधोमध, तळाला ठेवाव्या. झाकण न उघडता भरलेला फ्रीझर दीड-दोन दिवस तग धरतो. त्यापुढे बंदरावरची लादी थर्माकोलच्या पेटीत, पुड्या प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, आणि डबा बर्फाच्या वर. वीज आल्यावर प्रत्येक पुडीतल्या दोन गोळ्या चोळून बघाव्या आणि १ ग्रॅम हॉप २०० मिलिलिटर ८० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून तो काढा हुंगावा. गवत आणि फुलं आली तर हॉप शाबूत आहे. फक्त कागदासारखा, मुका वास आला तर ती पुडी ६० मिनिटांच्या वाट्याला वजन वाढवून वापरावी, आणि २० व ५ मिनिटांच्या वाट्यांसाठी दुसरी फोडावी.